रॉकी माउंटन नॅशनल पार्कमधला उन्हाळा: हवामान पाहून दिवस कसा आखायचा

कोलोरॅडोतल्या रॉकी माउंटन नॅशनल पार्कमध्ये सगळ्यात जास्त गर्दी जुलै-ऑगस्टमध्ये असते, आणि दुपारच्या गडगडाटी वादळांचा जोरही याच दोन महिन्यांत असतो. सकाळी आठला आकाश निळंशार, ऊन कडक. नाश्ता वगैरे आटोपून लोक निवांत दहाला निघतात आणि दुपारी एक वाजता बारा हजार फुटांवर, टीशर्ट-जीन्समध्ये, गारांच्या माऱ्यात सापडतात. हा प्रकार टाळता येतो. त्यासाठी हवामानशास्त्र शिकायची गरज नाही, पण किती वाजले आहेत आणि आपण किती उंचीवर आहोत, या दोन गोष्टींवर दिवसभर लक्ष ठेवावं लागतं. मोबाइलवरचं सूर्य-ढगाचं चित्र त्या मानाने फारसं कामाचं नाही.

पायरी पहिली: उंचीचा अंदाज घ्या

पूर्वेकडचं प्रवेशाचं गाव एस्टेस पार्क ७,५२२ फुटांवर (२,२९३ मीटर) आहे. बेअर लेकचा वाहनतळ साडेनऊ हजार फुटांच्या जवळ. ट्रेल रिज रोड १२,१८३ फुटांपर्यंत (३,७१३ मीटर) चढतो आणि लाँग्स पीकचा माथा १४,२५९ फुटांवर (४,३४६ मीटर) आहे. म्हणजे एकाच दिवसात, तेही गाडीत बसून, साडेचार हजार फुटांहून जास्त चढ होतो.

दर हजार फुटांना तापमान साधारण ३ ते ५ अंश फॅरनहाइटने उतरतं. एस्टेस पार्कमध्ये दुपारी ८०°फॅ (सुमारे २७°से) असेल, तर ट्रेल रिजच्या सर्वांत उंच भागात ६०°फॅच्या (सुमारे १६°से) आसपास समजा. हा आकडा कोरड्या, शांत हवेचा. वर वारा जवळपास कायम असतो, आणि ढग येऊन गारांचा सडाका बसला की अर्ध्या तासात पारा आणखी १५-२० अंश फॅरनहाइट खाली जाऊ शकतो. जुलैत बर्फ भुरभुरला तरी तिथल्या लोकांना त्याचं नवल वाटत नाही.

आणखी एक रेषा नीट लक्षात ठेवा: साधारण ११,४०० फूट. याच्या वर झाडं उगवत नाहीत, फक्त टुंड्राचं खुरटं गवत आणि कातळ. तिथे सगळ्यात उंच वस्तू म्हणजे तुम्ही. पुढे दिलेला सगळा हिशोब या रेषेभोवती फिरतो. ट्रेल रिज रोडचे सुमारे ११ मैल या रेषेच्या वरून जातात, त्यामुळे फक्त गाडीने फिरणाऱ्यांनाही यातून सुटका नाही.

हवा विरळ असते. १२,००० फुटांवर समुद्रसपाटीच्या मानाने हवेचा दाब जेमतेम दोन तृतीयांश असतो. डेन्व्हरच्या विमानतळावरून थेट वर जाऊन लगेच चढाई सुरू केली तर डोकेदुखी, मळमळ, चिडचिड ठरलेली. किमान एक रात्र, जमलं तर दोन, एस्टेस पार्क किंवा पश्चिमेकडच्या प्रवेशाच्या गावाच्या, ग्रँड लेकच्या, उंचीवर काढा. त्रास वाढत असेल तर औषधाच्या आधी खाली उतरा.

पायरी दुसरी: महिना पाहून बेत करा

'उन्हाळा' म्हणून सगळे महिने सारखे धरले की बेत फसतो.

जूनच्या पहिल्या पंधरवड्यात खाली फुलं असली तरी साडेनऊ-दहा हजार फुटांच्या वर वाटा बर्फाखाली असतात. बेअर लेकवरून ड्रीम लेक, एमराल्ड लेककडे जाणारी लोकप्रिय वाटही त्यातलीच. हजारो बुटांनी तुडवून तिथला बर्फ घट्ट आणि गुळगुळीत होतो. साध्या स्पोर्ट्स शूजने पहिल्याच उतारावर घसरायला होतं. बुटांवर चढवायचे मायक्रोस्पाइक्स एस्टेस पार्कमध्ये भाड्याने मिळतात, ते घ्या. तिरक्या उतारावरचा जुना बर्फ मात्र मायक्रोस्पाइक्स घालूनही ओलांडू नका. सकाळी तो काचेसारखा टणक असतो, पाय सुटला तर खालच्या दगडांपर्यंत थांबायला काहीच नसतं.

ट्रेल रिज रोड सहसा मेच्या शेवटी, मेमोरियल डेच्या सुमारास उघडतो. 'उघडला' म्हणजे उघडाच राहील असं नाही. जूनमध्ये, क्वचित त्यानंतरही, रात्रीतून बर्फ पडून तो काही तास बंद होतो. जुना, खडीचा, एकेरी ओल्ड फॉल रिव्हर रोड तर साधारण जुलैच्या सुरुवातीलाच मोकळा होतो.

जुलैच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत वाटा कोरड्या असतात, टुंड्रावर फुलं असतात आणि आकाश रोज दुपारी फिरतं. मेक्सिको आणि नैर्ऋत्य अमेरिकेवरून दमट हवा या काळात कोलोरॅडोपर्यंत पोचते. या ऋतूला तिथेही मान्सूनच म्हणतात. पण आपल्या पावसाळ्यासारखी संततधार डोळ्यांपुढे आणू नका. सकाळ स्वच्छ, दुपारी तास-दोन तासांचं वादळ, संध्याकाळी पुन्हा उघडीप, असा त्याचा रोजचा क्रम असतो.

वादळ दुपारीच का? सकाळचं ऊन डोंगरउतार तापवतं. त्या उताराला लागलेली हवा, त्याच उंचीवर पण जमिनीपासून दूर असलेल्या हवेपेक्षा जास्त गरम होते आणि धारेवरून वर निघते. डोंगराने तिला आधीच वर नेऊन ठेवलेलं असतं, त्यामुळे ढग बनायला फार चढावं लागत नाही. मैदानावर वादळ चार-पाचला उठत असेल, तर या धारेवर ते बारालाच तयार असतं. दमट दिवशी अकरालाही.

पायरी तिसरी: आदल्या रात्री अंदाज वाचा, पण जागा बरोबर निवडून

बहुतेक ॲप 'एस्टेस पार्क' टाकलं की गावाचा अंदाज दाखवतात. तुम्ही जाणार गावापेक्षा चार हजार फूट वर. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या संकेतस्थळावर नकाशात थेट हव्या त्या शिखरावर किंवा तळ्यावर टिचकी मारता येते. मग त्या छोट्याशा चौकोनाचा अंदाज उघडतो आणि तो कोणत्या उंचीसाठी आहे तेही लिहिलेलं असतं. ती उंची आधी तपासा. चौकोन दरीतला निघाला तर बाजूला टिचकी मारून पुन्हा पाहा.

त्यात टक्क्यांकडे कमी आणि वेळेकडे जास्त बघा. '३० टक्के शक्यता' वाचून सुटकेचा नि:श्वास टाकू नका. ३० टक्के म्हणजे हलका पाऊस नव्हे. त्या जागी वादळ येण्याची शक्यता दहात तीन, पण आलंच तर पूर्ण ताकदीचं. खरी माहिती 'दुपारी १२ नंतर' की 'सकाळी १० नंतर' या शब्दांत असते. तासागणिक आलेख उघडून तीन ओळी पाहा: गडगडाटाची शक्यता कधी सुरू होते, वाऱ्याचा वेग किती, आणि दवबिंदू (हवेतल्या ओलाव्याचं माप) आदल्या दिवसापेक्षा वाढला का. दवबिंदू वाढलेला असेल तर ढग लवकर चढणार.

एवढं पाहिलं की उद्याचा दिवस साधारण तीनपैकी एका प्रकारात बसतो. पहिला कोरडा: पश्चिमेचा वारा, ढग तुरळक. असे दिवस जून आणि सप्टेंबरमध्ये जास्त मिळतात, वर वारा मात्र झोडपतो. दुसरा नेहमीचा मान्सूनी: सकाळ तुमची, दुपार वादळाची. तिसरा नवख्यांना गोंधळात टाकतो. थंड हवेचा लोट येऊन वारा पूर्वेकडून डोंगराला भिडतो आणि एस्टेस पार्कच्या बाजूला सकाळपासून धुकं, झिमझिम, थंडी. अशा दिवशी शिखराचा हट्ट सोडा. कॉन्टिनेंटल डिव्हाइड, म्हणजे पार्कच्या मधोमध गेलेली मुख्य धार, त्या दमट हवेला बऱ्याचदा अडवते. पश्चिमेला ग्रँड लेकच्या बाजूला तेव्हा हवा बरी असू शकते.

परवान्याचं गणित इथेच जोडून पाहा. मेअखेरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पार्कमध्ये ठरावीक वेळेचा प्रवेश-परवाना आगाऊ काढावा लागतो. बेअर लेक रोडसाठी तो वेगळा असतो. नियमांचे तपशील दर वर्षी थोडे बदलतात, म्हणून पार्कच्या संकेतस्थळावर चालू वर्षाचे वाचा. दोन गोष्टी हवामानाच्या दृष्टीने सोयीच्या आहेत. काही परवाने आदल्या संध्याकाळी खुले होतात, तेव्हा अंदाज पाहून दिवस निवडता येतो. आणि अलीकडच्या वर्षांत बेअर लेक रोडवर पहाटे ५ च्या आधी शिरणाऱ्यांना परवाना लागत नव्हता. धारेवर जाणाऱ्याने नाहीतरी त्याच वेळी निघायचं असतं.

पायरी चौथी: उलटा हिशोब मांडा

'कधी निघू' हा प्रश्न शेवटी येतो. आधी ठरवा, झाडीच्या रेषेखाली परत कधी यायचं. मान्सूनच्या दिवसांत उत्तर: सकाळी ११, फार तर १२. तिथून मागे मोजत या.

उदाहरण म्हणून फ्लॅटटॉप माउंटन घेऊ. बेअर लेकवरून ४.४ मैल, सुमारे २,८५० फूट चढ, माथा १२,३२४ फूट (३,७५६ मीटर). अकराला झाडीत परत हवं. माथ्यावरून झाडीपर्यंत उतरायला एक तास, म्हणजे दहाला माथा सोडायचा. वर फोटो, खाणं, विश्रांती अर्धा तास, म्हणजे साडेनऊला माथ्यावर पोचायचं. चढायला सवयीच्या माणसाला तीन-साडेतीन तास लागतात. समुद्रसपाटीवरून दोन दिवसांपूर्वी आलेल्याला चार धरा. निघायची वेळ आली पहाटे साडेपाच. जुलैत सूर्योदय त्याच सुमारास होतो, तरी हेडलॅम्प सॅकमध्ये हवाच. साडेनऊपर्यंत माथा गाठला नाही तर? दहा वाजता जिथे असाल तिथून वळायचं. माथा डोळ्यांसमोर दिसत असला तरी. ही वेळ घरून ठरवून निघा, कारण वर गेल्यावर 'आता पंधराच मिनिटं राहिली' हे वाक्य प्रत्येक गटात कुणीतरी म्हणतंच.

लाँग्स पीकच्या कीहोल मार्गाला हेच गणित लावलं की लोक मध्यरात्रीनंतर दोन-तीनला का निघतात ते कळतं. जाऊन-येऊन सुमारे १५ मैल, जवळपास ५,००० फूट चढ, आणि कीहोलच्या (धारेतल्या कातळी खिंडीच्या) पुढे घसाऱ्याचे, उघड्या कातळावरचे टप्पे. ओल्या ग्रॅनाइटवर ते चढणं-उतरणं वेगळंच प्रकरण होतं. पहिल्या भेटीत हा बेत नको.

उशीर झालाच, तर दिवस वाया गेला असं नाही. अल्बर्टा फॉल्स, स्प्रेग लेकची सपाट फेरी, बेअर लेकभोवतीची वाट, हे सगळं झाडीत आहे आणि गाडी फार लांब नसते. झाडीतही वीज पडते, पण उघड्या धारेइतका धोका नसतो.

पायरी पाचवी: सॅकमध्ये काय

टोपी असलेलं पाऊस-जॅकेट, पावसाची पँट, फ्लीस किंवा लोकरीचा थर, कानटोपी, पातळ हातमोजे. ऑगस्टमध्ये, ३०°सेच्या गावातून निघताना हातमोजे भरायला लाज वाटते. तरी भरा. गार पावसाने बोटं बधिर झाली की जॅकेटची चेनही ओढता येत नाही.

सुती कपडे आणि जीन्स नकोत. सुती कापड भिजलं की अंगाची ऊब शोषत राहतं आणि वाळायचं नाव घेत नाही. थंडीने माणूस गारठायला बर्फच लागतो असं नाही. ८-१० अंश सेल्सिअस, भिजलेलं अंग आणि वारा, एवढ्यावर भागतं. कुणी अडखळायला लागलं, जीभ जड झाली, कुडकुडत असून 'मी ठीक आहे' म्हणत राहिलं, तर थांबून ओले कपडे बदला, गोड खायला द्या, वाऱ्याआड न्या.

छत्री घरी ठेवा, धारेवरच्या वाऱ्यात ती पहिल्या झटक्यात उलटी होते. पोंचोही फडफडून पायात येतो. सॅकच्या आत कचऱ्याची एक मोठी जाड पिशवी अंथरून त्यात कपडे भरले की बाहेरच्या कव्हरपेक्षा चांगलं काम होतं.

ऊन वेगळंच. दर हजार मीटरला अतिनील किरणांचा मारा साधारण १० टक्क्यांनी वाढतो, आणि हवा गार असल्याने भाजतंय हे कळत नाही. सनस्क्रीन दर दोन तासांनी, नाकाखाली आणि कानांमागेही. बर्फावरून चालणार असाल तर गॉगल हवाच. पाणी ताशी अर्धा लिटर धरा. ओढ्याचं पाणी गाळल्याशिवाय पिऊ नका. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा, पार्कच्या बहुतेक भागात नेटवर्क नसतं.

पायरी सहावी: चालताना आकाशाकडे बघत राहा

दर अर्ध्या तासाला थांबून वर बघायची सवय लावा. नऊच्या सुमारास धारेवर कापसाचे छोटे, सपाट पुंजके दिसले तर ठीक. ते रुंदीपेक्षा उंचीने वाढायला लागले, कडा फुलकोबीसारख्या फुगीर आणि ठसठशीत झाल्या, की ढगात जोर आहे. बूड काळवंडलं की वेळ संपत आली. माथा पसरून ऐरणीसारखा झाला असेल, तर तिथे वादळ आधीच सुरू आहे. हे टप्पे कधी तीन तास घेतात, कधी चाळीस मिनिटं. दहाच्या आत ढग उभे वाढताना दिसले तर घड्याळात काहीही वाजले असोत, वळा.

पूर्वेकडच्या बाजूची एक गोम नवख्यांना माहीत नसते. वादळं बहुधा पश्चिमेकडून येतात, आणि बेअर लेक किंवा लाँग्स पीककडून चढताना पश्चिमेचं आकाश मुख्य धारेने झाकलेलं असतं. तुमच्या डोक्यावर निळं आकाश, आणि धारेपलीकडे दोन मैलांवर काळाकुट्ट ढग. तो दिसतो तेव्हा डोक्यावरच आलेला असतो. म्हणून या बाजूला 'अजून तर स्वच्छ आहे' याला फार अर्थ नाही. वारा एकाएकी गार झाला, दिशा बदलली, लांबून घुमल्यासारखा आवाज आला, तर ढगाची वाट न पाहता उतरायला लागा.

पायरी सातवी: वादळाने गाठलंच तर

गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज तुमच्यापर्यंत पोचू शकते. चमक आणि आवाज यांत पाच सेकंद म्हणजे अंतर एक मैल, असं मोजता येतं, पण मोजत उभं राहण्यापेक्षा तेवढ्या वेळात उतरलेलं बरं.

खाली, आणि धारेपासून बाजूला. माथा, खिंड, एकाकी झाड, पाण्याचा काठ टाळा. कपारीत किंवा लटकत्या कातळाखाली शिरायचा मोह होतो, तो चुकीचा आहे. पाऊस चुकतो, वीज चुकत नाही: जमिनीतून पसरणारा प्रवाह कपारीचं तोंड ओलांडून अंगातून जाऊ शकतो. विजेने दगावणारे बरेच लोक थेट वीज अंगावर पडून नव्हे, तर अशा जमिनीतल्या प्रवाहाने जातात. लाँग्स पीकवर कीहोलजवळ दगडी निवारा आहे, तो वाऱ्यापासून वाचवतो, विजेपासून नाही. गटाने एकत्र बिलगून न राहता माणसांत १५ मीटरचं अंतर ठेवा, म्हणजे एकाला लागलं तर बाकीचे मदतीला उरतात. केस उभे राहिले किंवा चालण्याच्या काठ्या गुणगुणायला लागल्या, तर काठ्या टाकून तत्काळ खाली. उकिडवं बसल्याने जीव वाचतो या समजावर विसंबू नका, त्याने धोका फारसा कमी होत नाही.

वीज लागलेल्या माणसाला हात लावायला घाबरू नका, त्याच्या अंगात वीज साठून राहत नाही. श्वास किंवा नाडी नसेल तर लगेच छातीवर दाब देणं सुरू करा आणि नेटवर्क मिळताच ९११ लावा.

गाडीजवळ असाल तर आत बसा, काचा वर, हात धातूच्या भागांपासून दूर. टपाचा पत्रा असलेली बंद गाडी हा चांगला आसरा आहे. २०१४ च्या जुलैमध्ये लागोपाठ दोन दिवसांत या पार्कमध्ये दोन जण विजेने दगावले. एक पायवाटेवर, दुसरा ट्रेल रिज रोडवरच्या थांब्यावर. म्हणून रस्त्याकडेच्या थांब्यावर फोटो काढतानाही गडगडाट ऐकला की गाडीत. ट्रेल रिज रोडवरच्या रॉक कट थांब्याजवळची टुंड्रावरची छोटी पायवाटही १२,००० फुटांवर आहे. 'दहाच मिनिटांत येतो' तिथे नको. शेवटचा गडगडाट ऐकल्यापासून ३० मिनिटं थांबून मगच बाहेर पडा.

वादळानंतर रस्त्यावर गारांचा थर असतो. ट्रेल रिजवर बऱ्याच ठिकाणी कठडे नाहीत. उतारावर गिअर खालचा ठेवा, ब्रेक सतत दाबून धरू नका, आणि धुकं दाटलं तर रस्त्याच्या मधोमध न थांबता पुढचा थांबा गाठा.

ओढे, जळालेली रानं, धूर

वितळणाऱ्या बर्फाचं पाणी मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत सर्वांत जास्त असतं, आणि दिवसात दुपारनंतर. सकाळी उड्या मारत ओलांडलेला ओढा संध्याकाळी गुडघ्याच्या वर मिळू शकतो. ओल्या, शेवाळलेल्या दगडांवर काठाशी फोटोला उभं राहू नका, पाणी बर्फाइतकं गार आणि ओढ जबर असते. पार्कबाहेर, पूर्वेला उतरणाऱ्या बिग थॉम्प्सन नदीच्या घळीत ३१ जुलै १९७६ च्या रात्री एकाच जागी अडकलेल्या वादळाने पूर आणला आणि १४० हून जास्त माणसं गेली. त्या घळीतून परतताना मुसळधार पाऊस लागला आणि पाणी चढताना दिसलं, तर गाडी पळवायचा विचार सोडा, गाडी टाकून चढणीने वर जा.

२०२० च्या कॅमेरॉन पीक आणि ईस्ट ट्रबलसम वणव्यांत पार्कचा मोठा भाग जळाला. तिथली वाळकी उभी झाडं वाऱ्यात न सांगता पडतात. अशा रानात वारा असताना जेवायला बसू नका, तंबू तर नकोच. ऑगस्टमध्ये लांबच्या वणव्यांचा धूरही येतो. पलीकडची धार धुरकट दिसायला लागली तर हवेच्या गुणवत्तेचा आकडा पाहा. दमा असलेल्यांनी त्या दिवशी चढाई टाळावी.

तारखा हातात असतील तर सप्टेंबरचा पहिला पंधरवडा निवडा. दुपारची वादळं विरळ होतात, वाटा बहुधा कोरड्या असतात, महिन्याच्या मध्यापासून ॲस्पनची झाडं पिवळी व्हायला लागतात. बदल्यात सकाळी वर गोठणबिंदूखालचं तापमान आणि कधीही येणारा पहिला बर्फ, म्हणून ट्रेल रिज रोड उघडा आहे का हे निघायच्या सकाळी पुन्हा तपासा.